लहान हरणे कळप का करीत नाहीत?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. आज मात्र आम्ही आफ्रिकेतील लहान हरणांविषयी बोलणार आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा आमचे सहकारीही हसले. "भाऊ, हरणांची युनियन काढता की काय?" असे एकाने विचारले. तेव्हा हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते आधी सांगितले पाहिजे; कारण त्यात आमचीच एक चूक आहे.

आम्ही गेली तीस वर्षे यंत्रमागावरचे कामगार आणि घरोघर विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्या संघटनेत काम करीत आलो. गेटसभेत बोलताना आमचे एक ठरलेले वाक्य असे : "अहो, रानातली मुकी हरणेसुद्धा कळप करून राहतात. आपण तर माणसे!" या वाक्याला टाळी हमखास पडे. एकदा विडी कामगार स्त्रियांच्या सभेत आम्ही ते वाक्य टाकले. बैठकीला बाया थोड्याच आलेल्या, म्हणून आम्ही जरा रागातच बोलत होतो. पुढे बसलेल्या एक वृद्ध बाई उठल्या. त्यांचे माहेर कोयनेच्या बाजूचे. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या डोंगरात भेकर तर एकटंच फिरतंय की. मग ते काय येडं हाय का?"

सभा हसली, आम्हीही हसलो. पण उत्तर आमच्याजवळ नव्हते. बाईंचे म्हणणे खरे होते. भेकर कळप करीत नाही, आणि तरीही ते आजवर टिकून आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते नगर वाचनालयात, इंग्रजीचा शब्दकोश शेजारी ठेवून. त्या रात्रीपासून आम्ही हरणांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता आफ्रिकेत जाऊन पोहोचलो; अर्थात् पुस्तकांतून. कारण हा प्रश्न शास्त्रज्ञांनी जितक्या बारकाईने आफ्रिकेत तपासला आहे, तितका क्वचितच दुसरीकडे तपासला गेला असेल. जे वाचले आणि समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांचा एक गुंता सोडवू. आपण मराठीत चितळालाही हरिण म्हणतो आणि काळविटालाही हरिणच म्हणतो. प्राणिशास्त्र या दोहोंची कुळे वेगळी मानते. चितळ, सांबर, भेकर यांच्या नरांची शिंगे दरवर्षी झडतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची शिंगे झडत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि वर शिंगाचे टोपण, अशी त्यांची जन्माची रचना असते. ग्रंथकार या दुसऱ्या प्रकाराला 'कुरंग' म्हणतात. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस शिंगे झडणारी हरणे मूळची नाहीतच. तेथे सारे राज्य कुरंगांचे. मात्र आपल्या तोंडी हरिण हाच शब्द बसलेला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरू.

आफ्रिकेतले हरिण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेरेंगेटीचे मैदान आणि त्यावरून धावणारे विल्डबीस्टचे लक्षावधी प्राणी येतात. चित्रपटांनी ते दृश्य घरोघर पोहोचविले आहे. पण त्याच खंडात झुडपांच्या आडोशाला, खडकांच्या कपारींत आणि दाट अरण्यांच्या तळाशी लहान हरणांचे एक निराळेच जग आहे. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात, गिनीपासून घानापर्यंत, 'राजहरिण' नावाचा प्राणी आहे. नाव राजाचे, पण उंची खांद्यापाशी वीतभराहून थोडीच जास्त आणि वजन दोन-तीन किलो. शिंगवाल्या हरणांत याहून लहान जगात दुसरे नाही. पूर्व आफ्रिकेच्या काटेरी झुडपांत 'डिकडिक' राहते. त्याचे वजन सरासरी पाच किलो, उंची सव्वा फुटाच्या आसपास. धोका दिसला की ते नाकातून 'झिक-झिक' असा आवाज काढीत नागमोडी धावत सुटते. त्या आवाजावरूनच त्याचे नाव पडले. स्वाहिली भाषेत त्याला 'दिगिदिगि' म्हणतात. दाट अरण्यांत 'डायकर' जातीची हरणे राहतात. डच भाषेत डायकर म्हणजे बुडी मारणारा. माणूस दिसताच हे हरिण डोके खाली घालून झुडपात बुडी मारते, म्हणून हे नाव. आणि उघड्या खडकांवर 'क्लिपस्प्रिंगर', म्हणजे खडकावर उड्या मारणारा. तो खुरांच्या टोकांवर उभा राहतो आणि चारी पाय तळहाताएवढ्या जागेत मावतील अशा सुळक्यावर तोल सांभाळतो.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणीही मोठा कळप करीत नाही. बहुतेक एकटी किंवा जोडीने राहतात. फार तर जोडीसोबत एक पिलू. मग प्रश्न असा की, एकाच खंडात, एकाच कुळात, काही प्राणी लाखांनी एकत्र चालतात आणि काही दोनांहून अधिक जमत नाहीत, हे का?

या प्रश्नाचे सर्वांत सुसंगत उत्तर पीटर जार्मन या शास्त्रज्ञाने १९७४ साली एका दीर्घ निबंधात मांडले. त्यापूर्वी १९७१ साली रिचर्ड बेल याने सेरेंगेटीतील चरणाऱ्या प्राण्यांविषयी जे लिहिले होते त्याचाही या विचाराला आधार मिळाला. दोघांच्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : प्राण्याचा समाज समजून घ्यायचा असेल तर आधी त्याचे पोट पाहा.

ते कसे, हे थोडे हिशेबाने पाहू. मोठ्या प्राण्याला अन्न जास्त लागते, हे उघडच आहे. पण ते वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. माक्स क्लायबर याने १९३२ साली निरनिराळ्या प्राण्यांच्या शरीरातील उष्णतेचा हिशेब मांडून दाखविले की, वजन सोळा पट झाले तर शरीर चालविण्याची गरज सुमारे आठ पटच वाढते. आता पाच किलोचे डिकडिक घ्या आणि सहाशे किलोची आफ्रिकी रानम्हैस घ्या. म्हैस एकशेवीस पट जड. पण तिची गरज एकशेवीस पट नसून साधारण छत्तीस पट असते. म्हणजे दर किलो वजनामागे पाहिले तर डिकडिकला म्हशीच्या तिपटीहून अधिक शक्ती लागते. लहान भट्टी तापती ठेवायला फार वेळा कोळसा घालावा लागतो, तसेच हे.

उलट, पोट मात्र लहान. ही सारी रवंथ करणारी जनावरे. रवंथ करणाऱ्याच्या पोटात मोठी पखाल असते. तिच्यात सूक्ष्म जंतू गवत-पाला आंबवून पचवितात. वाळके, चिवट गवत पचायला वेळ फार लागतो. म्हशीची पखाल मोठी असल्यामुळे ती निकृष्ट गवत भरपूर भरून घेते आणि सावकाश पचविते. डिकडिकला तेवढा वेळ परवडत नाही. त्याला लवकर पचणारे, सकस अन्न हवे : कोवळी पालवी, कळ्या, फुले, शेंगा, खाली पडलेली फळे. म्हणून त्याचे तोंड निमुळते. काट्यांच्या मधून तोंड घालून तो नेमके एक कोवळे पान खुडतो. म्हैस जिभेने गवताचा झुबका ओढते. डिकडिक एकेक पान वेचतो. एकीचे चरणे, तर दुसऱ्याचे निवडणे.

आता येथेच कळपाचा प्रश्न सुटतो. गवताच्या कुरणातून एक म्हैस चरत गेली तरी तिच्या मागून येणाऱ्या दहा म्हशींना गवत उरते. पण झुडपावरच्या चार कोवळ्या कळ्या एका डिकडिकने खाल्ल्या की मागून येणाऱ्या दुसऱ्याला तेथे काहीच नाही. नवी पालवी फुटेपर्यंत त्या झुडपापाशी जाण्यात अर्थ नाही. अशी दहा हरणे एकत्र निघाली तर पहिल्याचे पोट भरेल आणि दहावे उपाशी राहील. त्यांच्यात वैर आहे म्हणून ती वेगळी राहतात असे मुळीच नाही. अन्नच विखुरलेले आहे, म्हणून खाणारेही विखुरलेले आहेत.

दुसरे कारण भीतीचे. मोठ्या हरणाला मारायला सिंह किंवा तरसांची टोळी लागते. डिकडिकला बिबट्या, चित्ता, कोल्हा, रानकुत्रा, अजगर, बबून माकड आणि आकाशातून येणारा मोठा गरुड, यांपैकी कोणीही मारू शकतो. इतक्या शत्रूंपुढे पळून पळणार किती? म्हणून त्याचा पहिला बचाव दडून राहण्याचा. मैदानावर दडायला जागा नसते. तेथे पुष्कळ डोळे आणि गर्दी हाच आधार. हजारांत आपण एक असलो तर नेमका आपलाच बळी जाण्याचा संभव कमी. पण झुडपात दहाजण दडले तर एकाच्या हालचालीने दहाही उघडे पडतात. कळपाचा फायदा जेथे मिळतो ती जागाच निराळी आहे.

मग हे एकटे जीव जगतात तरी कशाच्या बळावर? जागेच्या ओळखीच्या बळावर. डिकडिकच्या जोडीची काही एकरांची एक हद्द असते. त्या हद्दीतली प्रत्येक वाट, प्रत्येक आडोसा, कोणत्या ऋतूत कोणते झुडूप फुलते, हे सारे त्यांना ठाऊक असते. हद्दीच्या कडेला ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग असतात. जोडी तेथेच वारंवार जाते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी एक काळसर ग्रंथी असते, तिच्यातला चिकट स्राव गवताच्या किंवा काटकीच्या टोकाला लावून ते खुणा करतात. मादीने ढिगावर खूण केली की नर मागून येऊन, माती उकरून, तीवर आपली खूण करतो. परक्याला कळावे की येथे जोडी आहे. शेजाऱ्यांच्या मारामाऱ्या यामुळे क्वचितच होतात. बहुतेक तंटा खुणांवरच मिटतो.

पाण्याचा प्रश्नही त्यांनी आपल्या रीतीने सोडविला आहे. ज्या रखरखीत प्रदेशात डिकडिक राहते तेथे कित्येक महिने पाणी दिसत नाही. पाला, फळे आणि दव यांतल्या ओलाव्यावर ते भागविते. दुपारी सावलीत बसायचे, पहाटे, सांजवेळी व रात्री चरायचे. त्याचे नाक लांबट, जरा सोंडेसारखे असते. त्या नाकातून वेगाने श्वास चालू लागला की आतल्या ओल्या त्वचेवरचे पाणी उडते, तेथले रक्त गार होते, आणि ते शरीरात परत जाते. आपल्याकडे माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने डिकडिक आपले रक्त गार ठेवते. लघवी अगदी थोडी व दाट, लेंड्या कोरड्या. ओलाव्याचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही.

आता त्यांच्या संसाराविषयी. डिकडिकची जोडी दीर्घकाळ एकत्र राहते. हे वाचून आमच्या मनात प्रथम एकपत्नीव्रताचे कौतुक आले. तसे ते कित्येक लेखकांच्याही मनात आलेले दिसते. पण पीटर ब्रदरटन व त्याचे सहकारी यांनी नामिबियात या जोड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ व १९९७ साली जे लिहिले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. त्यांनी पिलांच्या आनुवंशिक तपासण्या केल्या. तपासलेल्या पिलांपैकी एकाचाही बाप परका निघाला नाही. जोडी खरोखर एकनिष्ठ होती. परंतु नर पिलासाठी काय करतो हे पाहिले तर, तो जवळजवळ काहीच करीत नाही. पिलाला सांभाळत नाही, शत्रूपासून त्याचे रक्षण करीत नाही. मग तो एका मादीपाशी का थांबतो? कारण माद्या विखुरलेल्या असतात. एकीला सोडून दुसरीच्या शोधात गेले तर पहिलीपाशी दुसरा नर येतो. राखण करणे त्याला फायद्याचे पडते, म्हणून तो घरी राहतो. मादीच्या खुणांवर आपली खूण करण्यामागेही हेच राखणीचे कारण असावे. म्हणजे येथेही पुन्हा अन्नच! अन्न विखुरलेले, म्हणून माद्या विखुरलेल्या. माद्या विखुरलेल्या, म्हणून नर एकीपाशी. ज्याला आपण सद्गुण म्हणून नमस्कार करायला निघालो होतो, त्याचे मूळ कळ्या-पानांच्या वाटणीत निघाले.

पिलू साधारण सहा महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर जन्मते; एका वेळी एकच. पहिले दोन-तीन आठवडे ते झुडपात निपचित पडून असते. आई दुरून चरत राहते आणि ठरावीक वेळी येऊन त्याला पाजून जाते. ती सतत जवळ थांबली तर तिच्या वासाने व हालचालीने शत्रूला पत्ता लागेल. पुढे पिलू आईबरोबर हिंडू लागते. पण ते वाढत आले आणि आईच्या पोटात पुढचे पिलू असले, की घरातले वातावरण बदलते. बाप मुलाला हुसकू लागतो, आई मुलीला. ज्या हद्दीत जन्म गेला ती सोडून त्या कोवळ्या प्राण्याला परक्या रानात निघावे लागते. तेथली वाट माहीत नाही, आडोसा माहीत नाही, आणि प्रत्येक हद्दीवर मालकाच्या खुणा. लहान हरणाच्या आयुष्यातला हा मोठा धोक्याचा काळ. जागेची ओळख हेच ज्याचे भांडवल, त्याचे ते भांडवल या वेळी शून्यावर आलेले असते.

यावरून कोणी म्हणेल की हे प्राणी अगदीच एकलकोंडे, दुसऱ्याशी देणेघेणे नसलेले. तसेही नाही. क्लिपस्प्रिंगरची जोडी पाहा. एक खडकाच्या टोकावर उभा राहून पहारा करतो, तोवर दुसरा चरतो. मग पाळी बदलते. शत्रू दिसला की नर व मादी दोघे मिळून, एकामागोमाग एक, शिट्टी घालतात. ती शिट्टी शत्रूलाही ऐकू जाते. तुला आम्ही पाहिले आहे, आता दबा धरण्यात अर्थ नाही, असा तिचा अर्थ अभ्यासक लावतात.

डिकडिकने तर याहून चमत्कारिक सोय शोधली आहे. केनियात झाडांच्या शेंड्यांवर पांढऱ्या पोटाचा एक पक्षी बसतो. त्याच्या ओरडण्यात इंग्रजांना 'गो अवे', म्हणजे 'निघून जा', असे शब्द ऐकू आले, म्हणून त्याचे नावच 'गो-अवे पक्षी' पडले. गरुड दिसला की हा पक्षी ओरडतो. उंचावरून त्याला जे दिसते ते झुडपातल्या डिकडिकला दिसणे शक्य नाही. काही अभ्यासकांनी या पक्ष्याचा धोक्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून डिकडिकांना ऐकविला. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, तो आवाज ऐकताच डिकडिक चरणे थांबवतात, टकमक पाहू लागतात आणि आडोशाकडे पळतात. साधे गाणे ऐकविले तर तितके घाबरत नाहीत. ज्याला स्वतःच्या जातीचा कळप नाही त्याने शेजारच्या पाखराचे डोळे उसने घेतले आहेत!

अरण्यातल्या डायकरांचेही असेच. उंच झाडांवर माकडे आणि धनेश पक्षी फळे खातात आणि खाली पुष्कळ सांडतात. खाली डायकर ती वेचतात. वरच्यांच्या निष्काळजीपणावर खालच्यांचे पोट चालते.

मात्र या साऱ्या बचावांना एक शत्रू पुरून उरतो, आणि तो म्हणजे माणूस. मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत माणूस पूर्वीपासून डायकर मारीत आला. काँगोतील इतुरीच्या अरण्यात म्बुती लोक वेलींच्या धाग्यांची जाळी विणतात. अनेक कुटुंबे आपापली जाळी जोडून अर्धवर्तुळ करतात, बायका-मुले आरडाओरडा करीत हरणांना जाळ्याकडे हाकतात. एकट्या हरणावर माणसांचा संघ, असा तो सामना. पण वेलीचे जाळे, पायी चालणारा शिकारी आणि त्याच्या वस्तीची भूक, यांना मर्यादा होती.

ती मर्यादा तारेच्या फासाने मोडली. मोटारीची किंवा सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, हरणाच्या पायवाटेवर फास लावायचा आणि निघून जायचे. तार रात्रंदिवस जागी असते. ती नर-मादी, लहान-मोठे पाहत नाही. आणि श्रोतेहो, येथे आमचे मन थबकले. आपली वाट ओळखणे आणि त्याच वाटेने जाणे, हे या हरणांचे सर्वांत मोठे शहाणपण. बिबट्यापासून त्याच शहाणपणाने त्यांना वाचविले. तारेचा फास नेमका त्याच वाटेवर बसतो. जे बळ होते तेच मरण झाले.

या शिकाऱ्यांना शिव्या देऊन आम्हाला समाधान मिळाले नाही. अरण्यात लाकूडतोडीचे रस्ते गेले, तळ उभे राहिले. तेथे शेकडो मजूर कुटुंबांसह राहू लागले, आणि त्यांना स्वस्तात मिळणारे मांस म्हणजे अरण्यातले डायकर. उरलेले मांस लाकडाच्याच गाड्यांतून शहराच्या बाजारात गेले. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात १९९९ साली सरकार, एक वन्यजीव संस्था आणि तेथली लाकूड कंपनी यांनी एकत्र येऊन काही बंधने ठरविली : कंपनीच्या गाड्यांतून शिकारीच्या मांसाची वाहतूक नको, तारेचे फास नकोत, आणि मजुरांना खाण्यासाठी दुसरे मांस उपलब्ध करून द्यायचे. यांतली शेवटची गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. मजुराच्या ताटाची सोय केल्यावाचून हरणाचा जीव वाचत नाही, हे तेथे मान्य करावे लागले.

आता आफ्रिकेतून आपल्या घरी येऊ. हाच नियम आपल्या महाराष्ट्रातही पाहावयास मिळतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर काळवीट कळपाने चरतात. गवत पसरलेले, जागा उघडी, दडायला काही नाही. उलट मेळघाटच्या जंगलात चौशिंगा राहतो. चार शिंगांचा हा लहानखुरा प्राणी एकटा किंवा जोडीने हिंडतो, गवतात दडतो, आणि डिकडिकप्रमाणेच ठरावीक जागी लेंड्या टाकतो. दोघेही कुरंग, दोघेही आपल्याच मातीतले. एकाला माळाने कळप दिला, दुसऱ्याला जंगलाने एकांत दिला. कोयनेच्या बाजूचे ते भेकरही वेडे नव्हते. दाट जंगलात पाला-फळे वेचून खाणाऱ्याने जसे राहावे तसेच ते राहत होते.

त्या बाईंना आम्ही पुढे हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग भाऊ, आमी तरी काय वेगळ्या हाव? आमाला पानं घरी, काम घरी, पोरं घरी. गेट कुठाय आमाला?"

हे ऐकल्यावर आम्हाला आमच्या बैठका का रिकाम्या राहतात ते समजले. यंत्रमागाचा कामगार पाळी सुटली की दारातून शेकड्यांनी बाहेर पडतो. त्याची सभा दारात होते. विडी वळणारी बाई तेंदूपान घेऊन घरी जाते, हजार विड्या एकटी वळते आणि देऊन येते. तिचे कामच घरोघर विखुरलेले. तिला एकीची समज नाही असे आम्ही वर्षानुवर्षे मानत आलो, हा आमचा अन्याय होता. १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. कायद्याला जे दिसले होते ते आम्हाला दिसायला फार उशीर लागला. त्यानंतर आम्ही सभेची वाट पाहणे सोडले. विड्या मोजून द्यायच्या रांगेत, रेशनच्या दुकानापाशी, गल्लीतल्या नळावर, जेथे त्या मुळातच एकमेकींना भेटतात तेथे जाऊ लागलो. एका गल्लीत पाच-सहा घरांचा गट, आणि एका घरी कमी मजुरीची बातमी कळली की ती साऱ्या गल्लीला कळायची, अशी व्यवस्था हळूहळू बसली. काम सोपे झाले असे म्हणणार नाही. पण बायांवर रागावणे थांबले.

म्हणून डिकडिकने आम्हाला एकांताचा धडा दिला, किंवा पाखरावर कान ठेवायला शिकविले, असे आम्ही म्हणणार नाही. जनावरांच्या वागण्यातून माणसाला उपदेश काढणे हीच तर आमची पहिली चूक होती. हरिण हरणासारखे जगते. त्याला आमच्या सभेशी कर्तव्य नाही. कळप करणाऱ्याला शूर आणि एकट्याला भित्रा म्हणणे ही दोन्ही विशेषणे आमचीच. मात्र त्या शास्त्रज्ञांची विचारण्याची रीत उपयोगी आहे. कोणी एकत्र का येत नाही असे वाटले, की त्याच्या स्वभावाला नावे ठेवण्यापूर्वी तो काय खातो, ते कोठे मिळते, आणि त्याला भीती कोणाची आहे, एवढे विचारून पाहावे.

आणि आणखी एक विनंती. पुढच्या वेळी आपण पडद्यावर सेरेंगेटीचे ते लाखांचे कळप पाहाल, तेव्हा चित्राच्या कडेला जी काटेरी झुडपे दिसतात त्यांच्याकडेही एकदा नजर टाका. तेथे बहुधा एक जोडी निश्चल उभी असेल, कान टवकारून. तिची दोन-चार एकरांची जागा आणि तिची एक पायवाट शाबूत राहिली, तर ती आपले आपण जगू शकते.

ती गेटसभेतली ओळ आम्ही आता म्हणत नाही. ती बाई आज हयात नाहीत. पण त्यांच्या एका प्रश्नाने आम्हाला म्हातारपणी शाळेत बसविले, एवढे ऋण मान्य केलेच पाहिजे.